गल्ल्यामागची धडधड

आमच्या शेजारची एक मुलगी बारावीनंतर शहरातल्या एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर नोकरीला लागली. घरात पैशांची गरज होती. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. करायचे, फी पगारातून भरायची, असा तिचा हिशेब होता. पहिले दोन महिने बरे गेले. मग एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही शास्त्रज्ञ ना? मग मला सांगा, शनिवारी रात्री मला झोप का येत नाही? रविवारी दुकानाचं शटर दिसलं की पोटात गोळा येतो, हाताला घाम सुटतो. बिल करताना मागची सगळी रांग माझ्याकडंच बघतेय असं वाटतं आणि येणारी बेरीजसुद्धा चुकते. मी भित्री आहे का हो?"

नोकरी सोडावी असे तिच्या मनात घोळत होते. पण नोकरी गेली की फी जाणार आणि फी गेली की शिक्षण थांबणार, हेही तिला कळत होते.

शरीरक्रिया हा आमच्या रोजच्या कामाचा विषय असल्यामुळे घामाचे आणि धडधडीचे कारण आम्हाला सांगता आले. 'मी भित्री आहे का?' या प्रश्नाला 'नाही' असे खात्रीने सांगण्यासाठी मात्र आम्हाला आमच्या विषयाबाहेरचे पुष्कळ वाचावे लागले. त्यातून जे हाती लागले ते शिक्षकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण कापडाच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, मॉलमध्ये किंवा मोबाइलच्या दुकानात अर्धवेळ काम करणारी मुले आज अनेक वर्गांत आहेत. सकाळच्या तासाला पेंगणारा किंवा सणासुदीच्या दिवसांत अचानक गैरहजर राहणारा विद्यार्थी कदाचित त्यांच्यापैकीच एक असेल.

काउंटरवरचा एक दिवस

आधी हे काम नीट पाहू या. आठ-नऊ तास उभे राहायचे. एखाद्या वस्तूवरचा बारकोड वाचला जात नाही, एखाद्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून पैसे गेलेले दिसतात पण दुकानाच्या यंत्रावर आलेले दिसत नाहीत, कुणाकडे सुटे नसतात, कुणाला परवा नेलेला शर्ट बिलाशिवाय परत करायचा असतो. यांतल्या कोणत्याच अडचणीचा निर्णय काउंटरवरच्या मुलीच्या हातात नसतो. पण त्या अडचणीचा राग मात्र तिच्यावरच निघतो. रांग वाढत जाते, साहेब सगळ्यांदेखत बोलतात. रात्री गल्ला मोजताना शंभर रुपये कमी भरले, तर ते पगारातून कापले जातील ही धास्ती असते. उद्या कोणत्या पाळीला यायचे, हे आदल्या रात्री मोबाइलवर कळते. आणि या सगळ्या वेळात चेहरा हसरा ठेवायचा असतो.

शारीरिक दृष्ट्या याहून जड कामे पुष्कळ आहेत. मग याच कामाने एवढी चिंता का उत्पन्न व्हावी? उत्तर दोन टप्प्यांत मिळते. पहिला टप्पा शरीराचा आणि दुसरा परिस्थितीचा.

शरीरातली धोक्याची घंटा

हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन हे शरीरशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या पचनक्रियेचा अभ्यास करत होते. मांजर घाबरले किंवा चिडले की त्याच्या जठराची हालचाल थांबते, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९१५ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. प्राण्याला धोका जाणवला की त्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, ही कल्पना त्यांनी त्यात मांडली.

ही सज्जता कशी होते? मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच या भागाकडून अधश्चेतकाला सूचना जाते. अधश्चेतक अनुकंपी मज्जासंस्थेला जागे करतो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलीन रक्तात उतरते. हे सगळे काही सेकंदांत घडते. हृदय जलद चालते, श्वास वाढतो, तळहातांना घाम सुटतो, रक्ताचा ओघ पोटाकडून स्नायूंकडे वळतो. पोटात गोळा येतो तो याच वेळी. दुसरी साखळी थोडी सावकाश चालते. तिच्यातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. त्याची रक्तातली पातळी सुमारे २० ते ३० मिनिटांनी सर्वांत वर पोचते आणि ओसरायला बराच वेळ घेते.

समोर वाघ असेल तर ही व्यवस्था प्राण वाचवते. पळताना स्नायू ती सगळी तयारी वापरून टाकतात आणि धोका टळला की परानुकंपी मज्जासंस्था शरीराला पूर्वपदावर आणते. काउंटरवर मात्र पळताही येत नाही आणि लढताही येत नाही. एका गिऱ्हाइकामुळे वाजलेली घंटा शांत होण्याआधीच दुसरे गिऱ्हाईक समोर उभे राहते. शिवाय या घंटेला वाघ आणि चिडलेले गिऱ्हाईक यांतला फरक नीटसा कळत नाही. म्हणून आमच्या शेजारच्या मुलीच्या शरीरात काही बिघाड झाला होता असे म्हणता येणार नाही. तिची घंटा चांगली चालत होती, पण फार वेळा आणि फार वेळ वाजत होती.

प्रयोगशाळेतला काउंटर

माणसाला ताण आणायचा असेल तर शास्त्रज्ञ काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली यासाठी एक चाचणी तयार झाली आणि ती आज जगभर वापरली जाते. तीत ना विजेचा धक्का असतो, ना साप-विंचू. गंभीर चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे उभे राहून पाच मिनिटे स्वतःविषयी बोलायचे आणि नंतर पाच मिनिटे तोंडी वजाबाकी करत जायची. १०२२ मधून १३ वजा करा, उरतील त्यांतून पुन्हा १३, असे पुढे पुढे. चुकले की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. एवढ्याने बहुसंख्य माणसांची नाडी जलद होते आणि लाळेतल्या कॉर्टिसॉलची पातळी चढते.

लोकांच्या नजरेखाली उभे राहून, चुकायची भीती बाळगत आकडेमोड करणे, हेच बिलाचे काउंटर नव्हे काय? निवडक लोकांना दहा मिनिटे जे मुद्दाम करायला लावले जाते, ते ही मुले रोज आठ तास करतात.

सॅली डिकरसन आणि मार्गरेट केमेनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली अशा प्रकारच्या २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. नुसत्या कठीण कामाने कॉर्टिसॉल फारसे वाढत नाही. दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वांत जास्त वाढते, असे त्यांना दिसले. एक म्हणजे दुसरे आपल्याला जोखत आहेत ही जाणीव. दुसरी म्हणजे आपण काहीही केले तरी परिणाम आपल्या ताब्यात नाही ही स्थिती. आमच्या मते या लेखातील सगळ्यात महत्त्वाचा शब्द इथे आला आहे. तो म्हणजे ताबा.

बटण हाताशी असले की

ताब्याचे महत्त्व दाखवणारे काही प्रयोग त्याआधीच झाले होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत पांढऱ्या उंदरांवर काम केले. दोन उंदरांच्या शेपट्यांना एकाच तारेतून विजेचा सौम्य धक्का मिळे. म्हणजे दोघांना मिळणारे धक्के अगदी सारखे. फरक एवढाच की पहिल्या उंदराला एक ठराविक हालचाल करून धक्का थांबवता येत असे, आणि त्याच्याबरोबर दुसऱ्याचाही थांबे. दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हते. धक्के तेवढेच असूनही दुसऱ्या उंदराच्या जठरात व्रणांचे प्रमाण पुष्कळ जास्त आढळले. आणखी एका प्रयोगात काही उंदरांना धक्क्याआधी सूचनेचा आवाज ऐकवला, तर काहींना धक्क्याशी संबंध नसलेला आवाज कधीही ऐकवला. धक्का केव्हा येणार हे ज्यांना कळत नव्हते, त्यांच्या जठरात व्रण अधिक झाले. (माणसांतील बहुतेक जठरव्रणांमागे एक जिवाणू असतो हे नंतर सिद्ध झाले आणि त्या शोधाला २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. इथे प्रश्न व्रणांच्या कारणाचा नसून दोन उंदरांमधल्या फरकाचा आहे, हे ध्यानात घ्यावे.)

माणसांवरचा प्रयोग याहून सौम्य आणि अधिक बोलका आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना खोलीत बसवून मोठा कर्कश आवाज ऐकवला. काहींच्या हाताशी एक बटण दिले. हे बटण दाबले की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असे त्यांना सांगितले. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. म्हणजे आवाज सगळ्यांनी सारखाच सोसला. तरीही नंतर दिलेली कोडी सोडवताना बटणवाले लोक अधिक चिकाटीने बसले आणि मुद्रिते तपासताना त्यांच्या चुका कमी झाल्या. हे निष्कर्ष १९७२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. बटण वापरले नाही, पण ते हाताशी आहे हे ठाऊक असणे पुरेसे ठरले.

नोकरीच्या जगात हीच गोष्ट रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडली. अमेरिका आणि स्वीडनमधील कामगारांची माहिती तपासून त्यांनी दाखवले की कामाचा बोजा जास्त आणि निर्णयाची मुभा कमी अशा नोकऱ्यांत मानसिक ताण सर्वांत अधिक असतो. नुसता बोजा जास्त असून मुभाही भरपूर असेल, तर माणूस त्यातून शिकतो आणि उत्साही राहतो. लंडनमधील १०,३०८ सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' या नावाने ओळखला जाणारा दुसरा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, ज्यांना आपल्या कामावर ताबा कमी होता त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक दिसले.

दुकानातल्या कामात आणखी एक भर पडते. आर्ली होकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातील सेविकांचा अभ्यास करून दाखवले की आत संताप असताना बाहेर हसू ठेवणे हेदेखील एक श्रमाचे काम आहे. पोते उचलणाऱ्याची पाठ दुखते हे सर्वांना पटते. दिवसभर हसणाऱ्याचे मन दुखते हे मात्र पगार देणाऱ्याला सहसा दिसत नाही.

आता आमच्या शेजारच्या मुलीला उत्तर देता येते. ती भित्री नाही. जोखणाऱ्या नजरा, अनिश्चित पाळ्या आणि हाताशी एकही बटण नाही, अशा जागी कोणाचीही घंटा वाजेल.

टाळण्याचा सापळा

पण घंटा का वाजते हे कळले म्हणून ती थांबत नाही. त्यातच आपण सगळे एक चूक करतो. त्या मुलीने एका रविवारी 'ताप आहे' असे कळवून दांडी मारली. दांडी मारताच तिला फार बरे वाटले. पुढच्या रविवारची भीती मात्र दुप्पट झाली.

असे का व्हावे? होबार्ट मॉवरर या मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली याचे स्पष्टीकरण दिले. भीतीच्या जागेपासून दूर गेले की सुटका वाटते आणि ती सुटका हेच त्या पळण्याचे बक्षीस ठरते. ज्या वागण्याला बक्षीस मिळते ते वाढते, हे आपण वर्गात रोज पाहतो. शिवाय दांडी मारल्यामुळे 'रविवारी गेले असते तर फार वाईट घडले असते' ही समजूत तपासलीच जात नाही. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली याच्या उलट वाट दाखवली. भीतीच्या गोष्टीकडे अगदी लहान लहान पायऱ्यांनी जायचे आणि एक पायरी सवयीची झाली की पुढची घ्यायची. गणितात कच्च्या मुलाला आपण एकदम उदाहरणसंग्रह देत नाही, तसेच हे आहे.

इथे एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक नोकरी सोडणे म्हणजे पळणे नव्हे. पगार बुडवला जात असेल, अंगावर हात टाकला जात असेल, लैंगिक छळ होत असेल, तर घंटा अगदी बरोबर वाजते आहे. तिथे श्वासाचे व्यायाम करत बसू नये. तक्रार करावी आणि गरज पडल्यास बाहेर पडावे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ पासून स्वतंत्र कायदा आहे, हे मोठ्या विद्यार्थिनींना ठाऊक असले पाहिजे.

स्वतःपुरते काय करता येईल?

आम्ही आणि त्या मुलीने मिळून एका वहीत यादी केली. डाव्या बाजूला 'कशाने धडधडते' आणि उजव्या बाजूला 'माझ्या हातात काय आहे'. सुरुवातीला उजवी बाजू कोरीच राहिली. हळूहळू ती भरली.

गल्ल्यातल्या तुटीची धास्ती मोठी होती. तिने पाळी सुरू होताना साहेबांसमोर रोकड मोजून कागदावर दोघांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली. चिडलेल्या गिऱ्हाइकापुढे शब्द सुचत नाहीत म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवले: "एक मिनिट थांबा, मी साहेबांना बोलावते." हे वाक्य म्हणजे तिचे बटण. ते रोज वापरावे लागत नाही, पण ओठांवर तयार असते.

शरीरासाठी श्वास हे सर्वांत जवळचे साधन आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते. म्हणून सोडायचा वेळ लांबवला की परानुकंपी मज्जासंस्थेला हातभार लागतो. मनात ४ आकडे मोजेपर्यंत श्वास आत आणि ६ आकडे मोजेपर्यंत बाहेर, असे दोन मिनिटे करावे. मिनिटाला सहा श्वास होतात. पुढचे गिऱ्हाईक पिशवीतून सामान काढेपर्यंत असे दोन श्वास सहज घेता येतात. धडधड पूर्णपणे थांबली पाहिजे असा हट्ट मात्र धरू नये. 'अजून धडधडतेय' म्हणून घाबरले की त्या घाबरण्याने धडधड वाढते आणि चक्र सुरू राहते. 'ही घंटा आहे, वाजेल आणि ओसरेल' एवढे म्हणून काम चालू ठेवावे. दुकानातल्या चहाच्या पेल्यांकडेही लक्ष द्यावे. सहा-सात पेले चहाने नाडी जलद होते, झोप उडते आणि मग दोष चिंतेला दिला जातो.

शनिवारच्या रात्रीसाठी अमेरिकेतील टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली तपासलेली युक्ती उपयोगी पडली. चिंता करूच नकोस असे स्वतःला बजावून उपयोग होत नाही. त्याऐवजी चिंतेला रोजची एक वेळ आणि जागा नेमून द्यायची, उदाहरणार्थ संध्याकाळी अर्धा तास, ओट्यावर वही घेऊन. इतर वेळी चिंता डोकावली की 'आता नाही, संध्याकाळी' असे म्हणून हातातल्या कामाकडे वळायचे. अर्ध्या तासात जे लिहिले जाते त्यातल्या काही गोष्टींवर उपाय सुचतो आणि काही गोष्टी लिहिल्यावर क्षुल्लक वाटतात.

उरला रविवार. दांडी मारण्याऐवजी तिने साहेबांना विनंती केली की दोन रविवार कमी गर्दीच्या काउंटरवर द्या, मग मोठ्या काउंटरवर दोन तास आणि नंतर पूर्ण पाळी. साहेबांनी पहिली पायरी मान्य केली, दुसरी केली नाही. तरी एका पायरीचाही उपयोग झाला.

विचारांचीही एक बाजू आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, तिचा भर मनातल्या 'पाहिजेच'वर आहे. 'माझी चूक होताच कामा नये', 'प्रत्येक गिऱ्हाईक खूश झालेच पाहिजे' ही वाक्ये 'चूक टाळायचा मी प्रयत्न करीन; झाली तर दुरुस्त करीन' अशी बदलून पाहावीत. चिंता नाहीशी होत नाही. पण ती काळजीच्या पातळीवर उतरते, आणि काळजी घेणे चांगलेच आहे.

दुकानाने काय करावे?

सगळा भार नोकरावर टाकणे अन्यायाचे होईल. उंदराने कितीही दीर्घ श्वास घेतला तरी तार तशीच राहिली तर धक्का बसणारच. तार बदलण्याची काही उदाहरणे आपल्या देशातच आहेत. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर बसण्याची मुभा नव्हती आणि लघवीला जाण्याचीही सोय नव्हती. पी. विजी यांच्या 'पेनकूट्टू' या संघटनेने वर्षानुवर्षे लढा दिला. अखेर केरळने २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करून दुकानातील नोकरांना बसण्याचा हक्क दिला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले. एका स्टुलाची गोष्ट, पण 'मला बसता येते' हेही हाताशी असलेले बटणच आहे.

पाळीच्या अनिश्चिततेवर अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०१७ साली कायदा केला. मोठ्या दुकानांनी वेळापत्रक आधी लेखी कळवावे, असा त्याचा आशय आहे. सध्या ही मुदत दोन आठवड्यांची आहे. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये मालकांवर जबाबदारी टाकली की गिऱ्हाइकाने शिवीगाळ केल्यास नोकराला त्या कामातून तात्पुरते बाजूला घ्यावे, विश्रांती द्यावी आणि सल्ल्याची सोय करावी.

महाराष्ट्रात ठराविक संख्येहून अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यातल्या तासांच्या मर्यादा सैल करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. तरी आठवड्याची सुटी आणि कामाच्या मधली विश्रांती हे त्यातले हक्क आहेत. गल्ल्यातली तूट पगारातून कापण्याविषयीही नियम आहे. नुकसान नोकराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यातले हे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला हे सांगायला दहा मिनिटे पुरतात.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही त्या तारेचा भाग आहोत. यंत्र बंद पडले तर ते काउंटरवरच्या मुलीने पाडलेले नसते.

वर्गात करून पाहण्याजोगे

स्वखुशीने पुढे येणारा एक विद्यार्थी घ्यावा. लाजऱ्या मुलावर सक्ती करू नये.

१. त्याला वर्गासमोर एक मिनिट नुसते शांत उभे करावे आणि अर्ध्या मिनिटाची नाडी मोजून दुप्पट करावी. बसून मोजलेली नाडी तुलनेला घेऊ नये, कारण उभे राहिल्यानेच नाडी थोडी वाढते.

२. आता २०० मधून ७ वजा करत मोठ्याने बोलायला सांगावे: १९३, १८६, १७९... वर्गाने गप्प राहून पाहायचे. चुकल्यास पुन्हा २०० पासून. दोन मिनिटांनी लगेच नाडी मोजावी.

३. वर सांगितल्याप्रमाणे दोन मिनिटे ४ आणि ६ च्या मापाने श्वास घेऊन उभ्यानेच पुन्हा मोजावी.

चार-पाच विद्यार्थ्यांचे आकडे फळ्यावर मांडावेत. मग वर्गाला विचारावे: 'हवे तेव्हा थांबा म्हणायची मुभा आहे' असे आधी सांगितले तर आकडे बदलतील काय? ते तपासायचे तर प्रयोग कसा रचावा? तोच विद्यार्थी दुसऱ्यांदा आला तर सवयीचा परिणाम कसा वगळावा? यावर मुले चांगली चर्चा करतात.

डॉक्टरांकडे केव्हा?

चिंता कित्येक आठवडे रोज टिकली, झोप किंवा भूक उडाली, कामावर वा शाळेत जाणेच जमेना, छातीत दुखू लागले किंवा घुसमटल्यासारखे झटके येऊ लागले, तर घरगुती उपायांवर थांबू नये. आधी साध्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण अवटू ग्रंथी जादा काम करत असेल किंवा रक्तक्षय असेल तरी अशीच धडधड होते. मानसोपचार म्हणजे वेडाचे औषध, ही समजूत शिक्षकांनी तरी बाळगू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर फोन करून विनाशुल्क सल्ला मिळतो. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कोणी बोलून दाखवले, तर मात्र वाट पाहू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवून द्यावी.

आमच्या शेजारची मुलगी अजून त्याच दुकानात आहे. पाळी अजूनही आदल्या रात्रीच कळते आणि सणाच्या गर्दीत तिच्या हाताला अजूनही घाम येतो. पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा अर्ज मात्र तिने भरला. फी पगारातून गेली. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "काका, घंटा वाजते, पण आता मला ती ओळखू येते."

आपल्या वर्गात पेंगणाऱ्या मुलाला उठवताना 'काल रात्री दुकान किती वाजता बंद झालं रे?' एवढे विचारून पाहावे. त्याच्या हाताशी पहिले बटण कदाचित त्या प्रश्नानेच येईल.